चौथी डबी

सालवाले,

मला पत्रं लिहिता येत नाहीत. आयुष्यभर पेपरांवर शेरे लिहिले, तेव्हा हे पत्रही शेऱ्यासारखं वाटलं तर रागावू नका. वहिनींचं कार्ड पोचलं. पत्ता नीट लिहिलाय, अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे. त्या लिहितात, की तुम्ही मुलीकडे रुळलात, नातीला संत्रं सोलायला शिकवता, आणि सकाळ-संध्याकाळ डब्या उघडायचा नेम अजून मोडलेला नाही. चारही डब्या. 'चारही' हा शब्द वहिनींनी मुद्दाम लिहिलाय की सहज, ते मला कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटते. तर मुद्द्यावर येते. तुमचं एक काम माझ्याकडे राहिलं होतं

इथवर लिहून बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढे काय लिहायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि अडलं होतं ते तिथेच. उत्तर येत असेल तर एका वाक्यात लिहा, पाल्हाळ लावू नका, असं त्या मुलांना सांगत आल्या होत्या. आता स्वतःवर पाळी आली तर ते एक वाक्य काही कागदावर उतरेना.

बाई म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या बाई. कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. गावातली निम्मी माणसं त्यांची विद्यार्थी, आणि उरलेली निम्मी त्या विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकून त्यांना वचकून असलेली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात जात. बारा खोल्यांचं जुनं हॉटेल, खाली जेवणाची खोली, आणि तिच्या एका अंगाला गडद लाकडाचा लांबलचक काउंटर. बाईंचं तिथलं स्टूलही ठरलेलं, भिंतीकडून दुसरं. एक ग्लास, एक बशी काहीतरी, आणि साडेसहाला घरी. "मला दारू चढत नाही," त्या म्हणत, "विषय चढतो."

काउंटरमागे सालवाले असत. नाव त्यांना होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. गावासाठी ते सालवाले, कारण संत्र्याची किंवा लिंबाची साल ते अशी काढत, की देठापासून बुडापर्यंत एकच फीत, कुठे तुटणार नाही, आणि आतल्या पांढऱ्या अस्तराचा तिला स्पर्श नाही. उजेडाकडे धरली तर पलीकडची खिडकी दिसावी. ही साल ते रात्रभर साखरेत ठेवत. "झोपू दे तिला," म्हणत. सकाळी साखर ओलसर, सोनेरी झालेली असे. सालीतलं सगळं तेल तिनं ओढून घेतलेलं. मग त्या साखरेत फळाचा रस पडे आणि बरण्या भरत. कॉकटेलचं अर्धं काम तिथेच झालेलं असे. जिन, रम वगैरे मंडळी त्यांच्या मते पाहुणे. "घर फळाचं आहे. पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं."

काउंटरच्या मागे एक काळी पाटी होती. तिच्यावर दर महिन्याला खडूनं नवी यादी. उन्हाळ्यात कलिंगड आणि मिरी, काकडीच्या लांब फितीचं थंडगार जिन. गाजराचा रस, आलं आणि मोसंबी. थंडीत संत्र्याची साल घातलेली गरम रम. पेयाच्या जोडीला खाणं आतून येई, ते वहिनींच्या हातचं. वहिनी म्हणजे सालवाल्यांची बायको, हॉटेलच्या स्वयंपाकघराची मालकीण म्हणावी इतकी तिथे रुजलेली. बीट भाजून त्यावर संत्र्याच्या फोडी, भोपळ्याच्या सुपात लिंबाच्या सालीचा कीस, टोमॅटो आणि कलिंगड एकत्र मिठात मुरवलेलं. नवरा-बायको दोघं सकाळी बाजारातून आलेल्या पेट्या उतरवून घेत, आणि पेटी उघडली की सालवाले आधी नाक खुपसत. एका श्वासात सांगत, "वरची रांग ताजी, खालची चार दिवसांची. परत न्या." भाजीवाला म्हणे, यांच्यापेक्षा पोलीस बरे.

त्यांची आणि बाईंची ओळख भांडणातून झाली. पहिल्याच दिवशी बाईंनी ग्लास पुढे सरकवला.

"कडवट आहे. सालीबरोबर पांढरं आलंय."

"माझ्या सालीत पांढरं येत नाही."

"आलंय. बघा."

सालवाल्यांनी ग्लासातली फीत चिमट्यानं उचलली, दिव्याखाली धरली, आणि बघतच राहिले. एका कडेला केसाएवढा पांढरा धागा होता.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"वनस्पतिशास्त्र शिकवते."

"असं सांगा ना आधी! मी म्हटलं आज पहिल्यांदा कुणीतरी मला पकडलं, तर पकडणारी मास्तरीण निघाली. ह्यात माझी बदनामी नाही."

"माझी आहे," बाई म्हणाल्या, "मला हे घोटभर प्यावं लागलं."

त्या दिवसापासून एक रिवाज पडला. पाटीवर नवं नाव चढायच्या आधी त्याचा पहिला ग्लास बाईंचा. बाई पीत, आणि निकाल देत. पास, नापास, किंवा काठावर. 'पहिला वर्ग' अकरा वर्षांत दोनदाच मिळाला. एकदा पेरूच्या तिखट ग्लासाला आणि एकदा पपनसाच्या फोडींना. नापास झालं की सालवाले चेहरा पाडून आत जाऊन वहिनींना सांगत, "बसवलं गं मला पुन्हा त्याच वर्गात!" आणि आतून वहिनींचं हसणं येई.

मग एका थंडीत सालवाले तापानं पडले. बारा दिवस काउंटरवर नव्हते. परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं, पण काम सुरू. आणि आल्या आल्या त्यांनी एक नवीन प्रकार सुरू केला. सालीचा तुकडा काढला, की काडी पेटवत, आणि ज्योतीवर तो तुकडा चिमटत. सालीतलं तेल भप्पकन पेटे, एक निळसर-पिवळा झोत उठे, आणि मग ती साल ग्लासात जाई. गिऱ्हाईकांना हे फार आवडलं. लोक टाळ्या वाजवू लागले. मालकही खूश. बाईंच्या मात्र कपाळाला आठी.

"हे काय सर्कशीतलं काढलंत?"

"नवीन आहे, बाई. लोकांना आवडतं."

"लोकांना झोपाळाही आवडतो. तोही टांगा इथे."

सालवाले हसले. पूर्वी त्यांनी उलट टोला दिला असता. बाईंना तेव्हा ते खटकायला हवं होतं.

खटकायला हवं होतं असं आणखीही बरंच होतं, आणि ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पेटी आली की सालवाले आता नाक खुपसत नव्हते. फळ हातात घेऊन तोलत, अंगठ्यानं दाबत, सालीवरची छिद्रं बघत. बरणी उघडली की आधी उजेडाकडे धरत. आणि पहिला ग्लास बाईंपुढे ठेवून नुसता निकाल ऐकून गप्प बसत नसत. विचारत, "नेमकं काय लागतंय, बाई? सविस्तर सांगा. आधी काय येतं, मग काय येतं? लिंबू वर आहे की संत्रं?" बाई फुलून जात. कुणीतरी सविस्तर विचारतंय, हे शिकवणाऱ्या माणसाला मधासारखं लागतं. त्या दहा-दहा मिनिटं सांगत, आणि सालवाले मान डोलावत, मध्येच पाठ फिरवून बरणीत काहीतरी कमी-जास्त करत. एकतीस वर्षं ज्या बाईनं मुलांना "आधी बघा, मग बोला" म्हणून बजावलं, ती स्वतः बोलत बसली, आणि बघायचं राहिलं.

सालवाल्यांचं नाक तापात गेलं होतं. साफ. गोड, आंबट, खारट, कडू एवढं जीभ सांगायची. बाकी सगळं पांढरं. पेटणारी साल ही त्यांची तपासणी होती. झोत मोठा उठला तर तेल भरपूर, फळ ताजं. फुस्स झालं तर शिळं. आणि सुगंधाचा अंदाज घ्यायला समोर एक बाई बसलेल्या होत्याच, रोज पाचला, फुकट आणि आनंदानं. वहिनी आतून पाहायच्या आणि गप्प राहायच्या. नवऱ्यानं तशी शपथ घातली होती. नाक नाही म्हणजे काउंटर नाही, हे दोघांनाही कळत होतं. काउंटर नाही म्हणजे सालवाले कुणीच नाहीत, हे वहिनींना जास्त कळत होतं.

आठ महिने हे निभलं. मग मालकांच्या घरची मेजवानी हॉटेलात झाली. चाळीस माणसं, गडबड, सगळ्या काचेच्या बरण्या भरून गेलेल्या, म्हणून संत्र्याचा पाक एका चिनी मातीच्या बरणीत ठेवलेला. काचेची असती तर बुडबुडे दिसले असते. मातीतून काय दिसणार! पाक उबेला राहून फसफसला होता. चव मुळातच आंबट-गोड, त्यामुळे जिभेनं इशारा दिला नाही. इशारा नाकानं द्यायचा असतो.

पाहुण्यांना द्यायच्या आधीचा पहिला ग्लास, रिवाजाप्रमाणे, बाईंपुढे आला. बाईंनी घोट घेतला आणि तसाच रुमालात थुंकला.

"सालवाले! हे आंबलंय! अहो, वास तरी घेतलात का याचा?"

आवाज वर्गात लावायचा तोच. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मालकांनी मान वळवली.

सालवाल्यांनी ग्लास उचलला. नाकाशी नेला. खूप वेळ धरला.

"घेतला, बाई," ते म्हणाले.

"आणि?"

मालक काउंटरमागे आले, बरणीचं झाकण काढलं. समोर बसलेल्या दोन बायकांनी पदर नाकाला लावले. इतका तो दर्प होता. मालकांनी बरणी सालवाल्यांच्या तोंडापुढे धरली. सालवाले तिच्यावर वाकले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. नाकपुड्या तेवढ्या फुलत होत्या, पुन्हा पुन्हा, रिकाम्या विहिरीत पोहरा सोडावा तशा. सगळ्यांच्या लक्षात आलं. बाईंच्या सगळ्यात शेवटी आलं. तोवर त्या म्हणून गेल्या होत्या, "बघा की, एवढं कसं कळत नाही तुम्हांला!"

मालक दुष्ट नव्हते. त्यांनी सालवाल्यांना काढलं नाही. आत, स्वयंपाकघरात बसवलं, भाज्या सोलायला. काउंटरवर एक तरुण मुलगी आली, चुणचुणीत, आणि तिच्याबरोबर तयार पाकांच्या बाटल्या आल्या. पाटीवरची यादी छापील झाली आणि वर्षभर तीच राहिली.

बाई तीन आठवडे हॉटेलकडे फिरकल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात गेल्या त्या मागच्या दारानं. सालवाले ओट्याशी स्टुलावर बसून गाजरं तासत होते. सालीची एकच लांब फीत, खाली टोपलीत वेटोळं घालून पडत होती. गाजराची साल कुणी एवढी जपून काढतं का!

"मला सांगायचं नाहीत?" बाईंनी एकदम विचारलं. क्षमा वगैरे शब्द त्यांना जमत नसत. त्या जागी त्या प्रश्न विचारत.

"सांगितलं असतं तर तुम्ही तशाच बोलला असतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की तुम्ही मला नापास केलं असतंत का? नसतं केलंत. कीव करून काठावर पास केलं असतंत. मग माझ्या काय उपयोगाच्या होतात तुम्ही?" ते हसले. "बाई, तुमच्या तोंडाला फाटक नाही म्हणून तर आठ महिने निघाले."

"आणि त्यानंच गेले."

"हो. तेही खरं."

वहिनी चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. बाईंनी बशी मागितली नसताना तिच्यात बीट आणि संत्रं आलं, पण ठेवताना बशी जरा आपटली. बाईंनी ते मुकाट्यानं खाल्लं.

मग सालवाल्यांनी खिशातून तीन डब्या काढल्या. पत्र्याच्या, औषधाच्या मलमाच्या असतात तेवढ्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळखीचे वास घ्यायचे, एकेक मिनिट, आठवत घ्यायचे. नाक नाहीतर डोकं तरी विसरू नये म्हणून. कधीकधी परत येतं. एका डबीत लिंबाची साल, एकीत लवंग, एकीत निलगिरीचा बोळा.

"चौथा डॉक्टर म्हणाले गुलाब घ्या. मी म्हटलं, गुलाबाशी माझं काय घेणं-देणं! मला महाळुंग पाहिजे."

महाळुंग म्हणजे लिंबाचं थोरलं भावंड. ओबडधोबड, पिवळंधमक, पावशेर-अर्धा किलोचं. रस नावाला, सगळं धन त्याच्या सालीत, आणि ती साल बोटभर जाड. बाजारात ते कुणी ठेवत नाही, कारण कुणी विचारत नाही. सालवाले पहिल्यांदा काउंटरमागे उभे राहिले तेव्हा त्यांच्या उस्तादानं त्यांच्या हातात बाटली दिली नव्हती. एक महाळुंग दिलं होतं, आणि सांगितलं होतं, की आठ दिवस हे बरोबर वागव, उशाशी घेऊन झोप, मग बोलू. "माझ्या नाकानं शिकलेलं पहिलं अक्षर आहे ते," सालवाले म्हणाले. "आलंच काही परत, तर ते आधी येईल. बाई, तुमच्या कॉलेजच्या मागच्या बागेत झाड आहे ना? तुम्हीच एकदा म्हणाला होतात, तुम्ही लावलंय."

"लावलंय. आता फळांवर असेल."

"एकच पुरे. देठासकट."

"सोमवारी आणते," बाई म्हणाल्या.

कॉलेज बाईंच्या घरापासून बारा मिनिटांवर. पण त्या फाटकात पुन्हा पाऊल टाकणार नाही, अशी त्यांनी प्रतिज्ञा केली होती. निवृत्तीनंतर महिन्याभरात नव्या प्राचार्यांनी त्यांची वाळवलेल्या नमुन्यांची खोली रिकामी केली, एकतीस वर्षांचे कागद जिन्याखाली टाकले, आणि खोलीत झेरॉक्सचं यंत्र बसवलं. बाईंनी ती प्रतिज्ञा फाटकापाशी मोठ्यानं केली होती. ऐकायला एक पहारेकरी होता, तोही डबा खात होता. तरी प्रतिज्ञा ती प्रतिज्ञा.

पहिल्या सोमवारी गुडघा दुखला. दुखला होता खरा, पण त्याच गुडघ्यानं त्या दुपारी ग्रंथालयात जाऊन आल्या. दुसऱ्या सोमवारी त्यांनी ठरवलं, की माळ्याला निरोप धाडावा. मग वाटलं, निरोप म्हणजे विनंती, आणि विनंती प्राचार्यांच्या कानावर जाणार. तिसऱ्या सोमवारी पायात बूट चढवले, कापडी पिशवी घेतली, आणि कॉलेजच्या वळणापर्यंत गेल्या. फाटकावर प्राचार्यांच्या सत्काराचा भला मोठा फलक होता. हार घातलेला फोटो, दात काढून हसणारा. बाई वळणावरूनच फिरल्या.

आणि मग त्यांनी ते केलं, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला त्या आज बसल्या होत्या.

वाटेत फळवाल्याकडे ईडलिंबं होती. मोठी, पिवळी, खडबडीत सालीची. अनोळखी माणसाला महाळुंग म्हणून सहज खपावीत अशी. बाईंनी त्यातलं सगळ्यात ओबडधोबड निवडलं, देठासकट. मनाशी म्हणाल्या, वास कुठे येणार आहे त्यांना? सगळं आठवणीचंच तर आहे. नाव महाळुंगाचं घेतलं की डोकं आपलं काम करेल. शास्त्रीयदृष्ट्या यात काही चूक नाही. बाईंना शास्त्र पाहिजे तेव्हा हाताशी येत असे.

"हे घ्या तुमचं," त्यांनी मागच्या दारातून पिशवी पुढे केली.

सालवाल्यांचा चेहरा असा उजळला, की बाईंनी नजर शेगडीकडे वळवली. त्यांनी फळ दोन्ही हातांत घेतलं. नाकाशी नेलं, डोळे मिटले. मग अंगठ्यानं दाबलं. पुन्हा एकदा दाबलं, जरा हळू. सुरी घेऊन देठाजवळ एक चकती कापली, आणि पाहिलं. सालीची जाडी कागदाच्या चार घड्यांएवढी. आत रस टपटपत होता.

चाळीस वर्षं फळं सोललेल्या माणसाला फसवायला त्या निघाल्या होत्या, ते त्याचं नाक गेलंय म्हणून. त्याचे हात शाबूत आहेत, हे या शास्त्राच्या बाईंच्या ध्यानातच आलं नाही.

सालवाल्यांनी चकती पुन्हा जागच्या जागी बसवली. एक क्षण बाईंकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"छान आहे," ते म्हणाले. "रसदार आहे. अगं, हे ठेव गं, संध्याकाळी सुपाला होईल."

वहिनींनी ते घेतलं. चौथी डबी ओट्याच्या कडेला झाकण उघडून ठेवलेली होती, नवीकोरी, तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, सालवाल्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात 'महाळुंग'. सालवाल्यांनी तिचं झाकण बोटानं दाबून बसवलं. टक्क असा आवाज झाला.

"ऋतू अजून महिनाभर आहे," ते गाजर उचलत म्हणाले, जसं काही दुसऱ्याच कुठल्या गोष्टीबद्दल. "सवडीनं आणा, बाई. घाई नाही."

हे मात्र फारच झालं. ओरडले असते, टोमणा मारला असता, तर बाईंनी दोन शब्द ऐकून घेतले असते, दोन ऐकवले असते, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन झाडच्या झाड उपटून आणलं असतं. पण माणूस चोरी पकडतो आणि वर चोराची लाज झाकतो, त्याच्यापुढे पुन्हा उभं कसं राहायचं? बाईंना ते जमलं नाही. त्या मागच्या दारानं गेल्या नाहीत, पुढच्याही नाही. संध्याकाळी पाचला घरी बसून चहा प्यायला शिकल्या. महिना सरला. ऋतू सरला. मग कुणाकडून तरी कळलं, की सालवाले आणि वहिनी मुलीच्या गावी कायमचे गेले. निरोप घ्यायला ते बाईंच्या दारापर्यंत येऊन गेले होते. बाई त्या वेळी घरात होत्या, आणि बेल ऐकून त्यांनी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडला होता.

हेही पत्रात लिहावं लागणार होतं.

बाईंनी पुन्हा पेन उचललं. लिहिलं, 'ते काम आता मी'. आणि थांबल्या. कारण कालच, वहिनींचं कार्ड आल्याबरोबर, त्या तडक बाजारात जाऊन कॉलेजच्या माळ्याला गाठून आल्या होत्या. म्हातारा कोथिंबीर निवडत उभा होता. वर्षभरानंतर का होईना, प्रतिज्ञा गेली खड्ड्यात, असं ठरवूनच त्या गेल्या होत्या.

"महाळुंगाला फळं आलीत का रे?"

"कुठलं महाळुंग, बाई? ते तर उन्हाळ्यात तोडलं. सायकली ठेवायला शेड घातली तिथं."

बाईंनी त्याच्या कोथिंबिरीतली एक काडी उगीचच मोडली.

"गेल्या थंडीत मात्र असं लगडलं होतं म्हणता! नुसता सडा. कुणी हात लावला नाही, तिथंच कुजली सगळी." मग त्यानं जरा निरखून पाहिलं. "तुम्हांला हवी होती होय? मग सांगायचं की. आत यायचं नव्हतं तर नका येऊ, पण फाटकाबाहेरून एक हाक मारली असती तरी टोपलीभर आणून दिली असती. मी काय नाही म्हणणार होतो तुम्हांला?"

फाटकाबाहेरून. म्हणजे प्रतिज्ञासुद्धा शाबूत राहिली असती.

टेबलावर ऊन सरकून कागदावर आलं. 'ते काम आता मी' एवढ्यावर शाई वाळली होती. 'करू शकत नाही' लिहिलं असतं तर ते खरं होतं, पण अर्धंच. तेव्हा करू शकत होते आणि केलं नाही, हे पूर्ण खरं. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर खरं बोलल्याचा बाईंना अभिमान होता. ते सगळं इतरांबद्दलचं खरं होतं, हे त्यांना या वयात, या टेबलाशी कळत होतं.

दूर कुठल्यातरी गावात सकाळ-संध्याकाळ एक माणूस ओळीनं डब्या उघडत होता. लिंबू, एक मिनिट. लवंग, एक मिनिट. निलगिरी, एक मिनिट. आणि मग ती चौथी, जिच्यात काहीच नाही, तीही पूर्ण एक मिनिट.

बाईंनी कार्ड उलटून पत्ता पाकिटावर उतरवून घेतला, सुवाच्य अक्षरात. पाकीट रिकामंच राहिलं. दाराजवळच्या खुंटीवर ती कापडी पिशवी त्या तिसऱ्या सोमवारपासून तशीच लटकत होती. तिच्या तळाशी ईडलिंबाचं एक वाळलेलं पान होतं, आणि महाळुंग आणायचं राहिलं होतं.